बदललं तेवढंच बांधणारी हुमा

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हुमाच्या हातात कात्री होती. अहमदपुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, सतरंजीवर पांढरं कॉटन, आणि कापडावर वडिलांनी आदल्या संध्याकाळी निळ्या खडूने मारलेल्या रेषा. तिच्या पाठीमागे टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर ओळी खालून वर सरकत होत्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हा वाक तुमचा का हाताचा?" तिने विचारलं.

तिचे वडील चांदपाशा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते थोडं पुढे वाकले. "माझा. भुजंगरावचं पोट हाय तिथं."

"अन् हा?"

"तो हाताचा. सरळ जाऊ दे."

घरात बोलणं दखनीत चालतं; इथे ते मराठीत दिलं आहे. चांदपाशा सहासष्ट वर्षांचे आहेत. बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे, त्रेचाळीस वर्षांपासून. सदरे, पायजमे, बंड्या. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या खेड्यांतलं. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मशीनवर कापड दोन्ही हातांनी दाबून धरलेलं असतं, तेव्हा थरथर जाणवत नाही. खडू धरला की रेषा थोडी हलते. कात्री धरली की काम बिघडतं. म्हणून रेषा ते मारतात आणि कापते हुमा, रोज सकाळी सव्वा तास. रेषा जिथे हातामुळे हलली आहे तिथे ती सरळ जाते, जिथे मुद्दाम वळवली आहे तिथे वळते. बहुतेक वेळा तिला विचारावंही लागत नाही.

मध्यंतरी आठ दिवस एक कारागीर ठेवून पाहिला. तो हुशार होता, कामाला चोख होता. त्याने खडूच्या रेषेवरूनच कापलं. सहा सदरे गेले.

हुमा एकोणतीस वर्षांची आहे. नांदेडला इंजिनिअरिंग झालं. आई आठ वर्षांपूर्वी गेली, मोठा भाऊ अकरम हैदराबादला असतो. ती लातूरच्या एका लहान कंपनीत काम करते, घरूनच. कंपनी म्हणजे मालक वैजनाथ सर, दोन तंत्रज्ञ, एक हिशेबनीस आणि हुमा. ही मंडळी गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर बसवायचा एक डबा तयार करतात. डबा टाकीतली पातळी मोजतो, टाकी भरली की पंप बंद करतो, ठरल्या वेळी गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह उघडतो आणि भोंग्यावरून सांगतो की दोन नंबर गल्लीला पाणी सुटलं आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या सेहेचाळीस गावांत हे डबे आहेत.

भोंग्यावरचा आवाज हुमाचाच आहे. कंपनीत दुसरं कुणी तयार नव्हतं. गेल्या वर्षी जळकोटजवळच्या एका गावात चांदपाशा लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत त्यांनी तो आवाज ऐकला. शेजारी बसलेल्या कुणाला काही सांगितलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "जरा हळू बोलायला पाहिजे होतं. म्हाताऱ्या माणसांना कळत न्हाई."

तिने ते पुन्हा रेकॉर्ड केलं.

हुमाचं खरं काम या डब्याच्या आतलं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलावा लागतो. त्याला हे लोक बिल्ड म्हणतात. डब्याच्या प्रोग्राममध्ये अकरा हजारांवर फाइली आहेत. प्रत्येक गावाची टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळे, वेळा वेगळ्या. ते सगळं एका सेटिंगच्या फाइलीत लिहायचं आणि त्या गावापुरता बिल्ड करायचा. हुमाच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बिल्डला तीन तास पन्नास मिनिटं लागत.

अडचण अशी की त्यांच्या मोहल्ल्यातल्या डीपीवर लोड आला की लाईट जाते. उन्हाळ्यात ती सकाळी नऊच्या सुमारास जाते आणि बाराच्या पुढेमागे येते. इन्व्हर्टर चाळीस मिनिटं टिकतो. गावांचे फोन यायची वेळ सकाळी आठ ते दहा. म्हणजे आठ वाजता एखाद्या गावाने व्हॉल्व्हची वेळ बदलून मागितली, तर नवा प्रोग्राम जायला संध्याकाळ व्हायची. रात्री बिल्ड लावून झोपायचं असं तिने वर्षभर केलं. पण मध्येच चूक निघाली की रात्र फुकट जाते आणि दिवसाची अडचण तशीच राहते.

जानेवारीत वैजनाथ सरांनी तिला स्पष्ट सांगितलं. "मार्च संपेपर्यंत बघतो. उन्हाळ्यात गावं दिवसभर थांबणार नाहीत. ऑफिसात जनरेटर आहे, मशीन फास्ट आहे. एप्रिलपासून लातूरला राहायला ये."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हुमाने घरी सांगितलं तेव्हा चांदपाशा मशीनला तेल देत होते. "जा की," ते म्हणाले. "दुकान बंद करू मग. त्रेचाळीस वर्षं लई झाली." आणि तेल देत राहिले. तेल देऊन झाल्यावर त्यांनी मशीनवर कापड झाकलं आणि दुपारी तीन वाजता झोपायला गेले. दुपारी ते कधी झोपत नाहीत.

फेब्रुवारीत हुमाने बिल्ड इतका वेळ का घेतो हे शोधायला घेतलं.

बिल्ड करणारं साधन तसं समजूतदार असतं. प्रत्येक फाइल शेवटची कधी लिहिली गेली ती वेळ ते बघतं. तयार तुकडा फाइलीपेक्षा नंतरचा असेल तर फाइलीला हात लावत नाही, फाइल नंतरची असेल तर तो तुकडा नव्याने बांधतं. मग अकरा हजार फाइली रोज का बांधल्या जात होत्या? दोन कारणं निघाली. एक कारण वैजनाथ सरांचा नियम: आधी सगळं पुसायचं, मग बांधायचं. कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा जुना तुकडा राहून गेला होता आणि एका गावाला दोन दिवस पाणी सुटलं नव्हतं, तेव्हापासूनचा हा नियम. दुसरं कारण लहान होतं. सेटिंगची फाइल दर वेळी एका छोट्या प्रोग्रामकडून नव्याने लिहिली जायची. आतलं एक अक्षर बदललेलं नसलं तरी फाइलीवर आजची वेळ पडायची. साधन फक्त वेळ बघतं. सगळ्या फाइली या एका फाइलीवर टेकलेल्या. त्यामुळे न पुसतासुद्धा सगळं परत बांधलं जायचं.

हुमाने तीन गोष्टी केल्या. गावापुरत्या सेटिंगच्या आठ ओळी सगळ्यांच्या सेटिंगमधून बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवल्या. त्या फाइलीवर दोनशे बाराच फाइली टेकलेल्या होत्या. मग अशी व्यवस्था केली की नवं सेटिंग आधी बाजूला लिहायचं, जुन्याशी ताडून बघायचं, आणि फरक असेल तरच जुन्याच्या जागी ठेवायचं. फरक नसेल तर जुन्या फाइलीला हात लावायचा नाही, तिच्यावरची वेळ तशीच राहू द्यायची. तिसरी गोष्ट म्हणजे पुसण्याचा नियम तिने काढून टाकला. हे तिने वैजनाथ सरांना सांगितलं नाही.

बिल्ड अकरा मिनिटांत झाला. तिला वाटलं, मध्येच बंद पडला. पुन्हा लावला. काहीच बदललेलं नव्हतं म्हणून तो चाळीस सेकंदांत संपला.

पुढचे अठ्ठावीस दिवस चांगले गेले. गावाने आठला फोन केला की नऊच्या आत नवा प्रोग्राम जायचा. वैजनाथ सरांनी एकदा विचारलं, "नवीन कॉम्प्युटर घेतलास की काय?" तिने नाही म्हटलं आणि विषय तिथेच राहिला.

एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी साडेसातला, हिमायतनगर तालुक्यातल्या एका गावातून सटवाजीमामांचा फोन आला. ते तिथे पाणी सोडायचं काम करतात. आदल्या दिवशीच त्यांच्या डब्यात नवा प्रोग्राम गेला होता.

"म्याडम, तुमचं यंत्र टाकी किती भरली म्हणतंय, बघा बरं."

हुमाने बघितलं. "सदुसष्ट टक्के."

"सदुसष्ट. बरं. अन् मी टाकीखाली उभा हाय. वरून पाणी पडून राहिलंय. शाळेची पोरं नालीत होड्या सोडून राहिलीत."

"पंप बंद करा, मामा."

"केला की. तुमच्या यंत्राच्या भरवशावर बसलो असतो तर वाहत बसस्टँडवर गेलो असतो." मग म्हणाले, "माझी म्हातारी म्हणून राहिली, ती भोंग्यातली पोरगी इतकी गोड बोलते, अन् खोटं कसं काय बोलते."

चूक सापडायला वीस मिनिटं लागली. फाइलीत गावाचं नाव नसतं, तीन आकडी क्रमांक असतो. त्याआधीचा बिल्ड जळकोट तालुक्यातल्या गावाचा होता, क्रमांक ११८, टाकीची उंची ४.५ मीटर. हिमायतनगरकडच्या गावाचा क्रमांक २०४, उंची ३.०. व्हॉल्व्ह दोन्हीकडे सहा. बाकीच्या ओळींतही आकडे वेगळे, पण अक्षरं तेवढीच. दोन्ही फाइलींचा आकार अगदी सारखा. आणि हुमाने जुनी फाइल नव्याशी ताडताना फक्त आकार बघितला होता. घाईत केलेली सोय होती ती. नंतर नीट करू म्हणून राहून गेली. महिनाभर गावांचे आकार योगायोगाने वेगवेगळे निघाले म्हणून निभावलं. त्या दिवशी तिच्या व्यवस्थेने बघितलं, आकार तोच आहे, म्हणजे काही बदललं नाही. जळकोटकडच्या गावाची टाकी हिमायतनगरकडे गेली.

तिने वैजनाथ सरांना फोन करून सगळं सांगितलं, पुसण्याचा नियम काढला तेही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"न सांगता काढलास?"

"हो, सर."

"जुनं राखून ठेवलं की हेच होतं, हुमा. म्हणून तो नियम होता. हौस म्हणून नव्हता." आवाज चढला नाही. "सोमवारी ये. राहायची सोय बघू. माझ्या बहिणीकडे वरची खोली रिकामी आहे."

दुपारी लाईट नव्हती. हुमा दुकानात जाऊन बसली. चांदपाशांनी पायांनी मशीन चालवत विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. टाकी, क्रमांक, आकार, होड्या. त्यांनी मशीन थांबवलं.

"म्हणजे तू गिऱ्हाइकाची उंची बघितली अन् सदरा दिला."

"हो."

"एका उंचीची दोन माणसं असतात, बेटा."

"असतात, अब्बा."

"एक रामलिंगसारखा वाळका, एक भुजंगरावसारखा." ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. हुमाने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी फळीवरची मापाची वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. रामलिंग हे चेरा गावाच्या बाजूचे शेतकरी, अकरा वर्षं सदरे इथेच शिवतात. एका वर्षी ते नुसतं कापड टाकून गेले. चांदपाशांनी वहीतलं माप घेतलं आणि शिवलं. त्या वर्षी रामलिंग दोन महिने दवाखान्यात होते हे त्यांना माहीत नव्हतं. सदरा अंगावर लोंबत राहिला. रामलिंग काही बोलले नाहीत, तोच घालून गेले. "बोलला असता तर बरं झालं असतं," चांदपाशा म्हणाले. "तेव्हापासून वहीत असलं तरी टेप लावतो. गळा, छाती, बाही, उंची, सगळं. जुळलं तर जुनं पान राहू द्यायचं. न्हाई जुळलं तर नवं पान."

"वेळ जात नाही?"

"टेप लावायला किती वेळ लागतो? वेळ शिवायला लागतो."

त्या संध्याकाळी हुमाने नवी व्यवस्था लिहिली. फाइलीतल्या प्रत्येक अक्षरावरून एक लांबलचक आकडा काढायचा. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी आकडा बदलतो. जुन्या आणि नव्या फाइलीचे आकडे जुळले तर जुनी राहू द्यायची, न जुळले तर नवी ठेवायची. आकडा काढायला सेकंदसुद्धा लागत नाही. हुमा म्हणते, हे तिला वडिलांवरून सुचलेलं नाही. कॉलेजात शिकली होती, घाईत टाळलं होतं. चांदपाशांना मात्र ते त्यांच्यामुळेच सुचलं याबद्दल काही शंका नाही.

सोमवारी ती लातूरला गेली. पिशवीत राहायचे कपडे नव्हते, जेवणाचा डबा आणि एक पेन ड्राइव्ह होता. पेन ड्राइव्हवर हिमायतनगरकडच्या गावाचा बिल्ड, जुनं राखून अकरा मिनिटांत केलेला. तिने वैजनाथ सरांना सांगितलं, तुमच्या मशीनवर सगळं पुसून पहिल्यापासून याच गावाचा बिल्ड करू आणि दोन्ही शेजारी ठेवू. एका अक्षराचा फरक निघाला तर वरच्या खोलीत राहते.

ऑफिसच्या मशीनवर बिल्डला पावणेदोन तास लागले. तिने दोन्ही ताडले. चौदा ठिकाणी फरक निघाला.

"बघ," वैजनाथ सर म्हणाले.

हुमाने ती चौदा अक्षरं उघडून दाखवली. तारीख आणि वेळ होती. बिल्ड कधी झाला ते आत छापलं जात होतं. इथला सोमवारचा, तिथला रविवारचा.

"ते छापणं काढते. घरचा परत करते, इथला परत करते."

"परत पावणेदोन तास?"

"तुम्हीच म्हणता ना, पहिल्यापासून करायचं."

सर हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. तारखेची छपाई काढून तिने दोन्ही बिल्ड पुन्हा लावले. घरचा जुनं राखून करायचा होता, म्हणून तिच्या कॉम्प्युटरला फोनवरून जोडून घेतलं. अहमदपुरात त्या वेळी लाईट होती, पण किती वेळ राहील याची खात्री नव्हती. डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी होती, दोघांनी खाल्ली. सरांनी विचारलं, वडिलांचा हात आता कसा आहे. तिने सांगितलं, तसाच. कापायला कोण असतं? मी असते. हे त्यांना माहीत नव्हतं. ती तीन वर्षं त्यांच्याकडे काम करत होती आणि हे कधी निघालंच नव्हतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी तिने दोन्ही बिल्ड पुन्हा शेजारी ठेवून ताडायची आज्ञा दिली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. नुसतं चौकोनी टिंब लुकलुकत होतं.

"काही म्हणत नाही?" सरांनी विचारलं.

"सारखं असलं की काही म्हणत नाही."

सर तरीही थोडा वेळ बघत राहिले. मग उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"आठवड्यातून एकदा," ते म्हणाले. "शनिवारी. इथे यायचं, सगळं पुसायचं, त्या आठवड्यातलं एक गाव काढायचं आणि असंच शेजारी ठेवायचं. गाव मी सांगणार. बाकीचे दिवस घरून कर. आणि एका जरी शनिवारी जुळलं नाही, तर मग खोली बघायची."

"हो, सर."

"आणि काही काढायचं असेल तर सांगून काढ."

"सांगून काढेन."

सटवाजीमामांच्या डब्यात बरोबर उंचीचा प्रोग्राम त्याआधीच गेला होता. त्यांनी टाकीवर चढून, पट्टी घालून खात्री केली आणि फोन केला. "पंच्याण्णव म्हणतंय, पंच्याण्णवच हाय. म्हातारीला सांगितलं, पोरगी आता खरं बोलून राहिली."

या गोष्टीला आता सहा शनिवार झाले. सहाही वेळा पडद्यावर काही उमटलं नाही. वैजनाथ सर मुद्दाम अवघड गावं काढतात. गेल्या आठवड्यात त्यांनी दोन अशी गावं दिली की सेटिंगमध्ये फक्त एका व्हॉल्व्हची वेळ पाच मिनिटांनी वेगळी. हुमा दर शुक्रवारी थोडी धास्तावलेली असते. चांदपाशा शुक्रवारी संध्याकाळी खडूच्या रेषा लवकर मारून ठेवतात, म्हणजे शनिवारचं कापड तिला रात्री आठच्या आत कापता येतं.

उद्या सातवा शनिवार. हुमा पावणेसातच्या गाडीने लातूरला जाईल. बिल्ड साडेनऊला लागेल. सव्वाअकराला तो संपेल, आणि त्यानंतर पाच मिनिटांत ती दुकानात फोन करेल. दुकान उद्याही दहा वाजता उघडणार आहे.